वास : नाही

रविवारी सकाळी मी माझ्या बापाच्या हातावर सणसणीत फटका मारला. काडेपेटी उडून सिंकमध्ये पडली आणि बाबा डोळे विस्फारून माझ्याकडे बघत राहिले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं आणि गॅसचा वास पार बाथरूमपर्यंत आला होता. मी ओल्या केसांनी धावत आले, तर बाबा शेगडीपासून दोन हातांवर खुर्ची टाकून आरामात पेपर वाचून झालेले, आणि आता काडी ओढायच्या बेतात.

मी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या आणि मग ओरडले, "वास येत नाही का तुम्हाला?"

आपण रागाच्या भरात कुणालाही म्हणतो तसं म्हणाले मी. खरं उत्तर हवं होतं असं नाही. पण बाबा सिंककडे वळले. सिंकमधली काडेपेटी उचलून तिच्यातलं पाणी झटकत बसले. भिजलेल्या काड्या एकेक करून ओट्यावर मांडायला लागले. तेव्हा मला उत्तर मिळालं.

हे कुणा दुसऱ्याच्या बापाच्या बाबतीत झालं असतं तर म्हाताऱ्याला सर्दी झालीय म्हणून सोडून दिलं असतं. पण माझ्या बापाचं सगळं आयुष्य त्या नाकावर उभं होतं. आमचा धंदा मातीचा. जुना कारखाना पाडून घरं बांधायची असोत की गोदामाच्या जागी दवाखाना, आधी आम्हाला बोलावतात, जमिनीत मागच्यांनी काय सांडून किंवा पुरून ठेवलंय ते बघायला. आम्ही ठिकठिकाणी बोअर घेतो, नळीतून मातीचा लांब गाभा वर काढतो, त्यातली मूठभर माती काचेच्या बरणीत भरून बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पाठवतो. एका बोअरमधून बारा फूट माती निघते आणि बरणी मात्र एकच मंजूर असते. कुठल्या फुटातली माती भरायची, सगळी मेख त्यात आहे. चुकीच्या फुटातली भरली तर जमीन कागदावर स्वच्छ. मातीतून उडणारी वाफ मोजायचं एक यंत्र असतं त्यासाठी. आमच्या ऑफिसातलं यंत्र वर्षातले सहा महिने दुरुस्तीलाच असायचं, आणि साहेबांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्यांच्याकडे बाबा होते.

बाबा माती हुंगायचे. नियमात ते बसत नाही, पण तीस वर्षं तेच चाललं होतं. ऑफिसात सगळे त्यांना नाकवाले काका म्हणायचे. गाभा उघडला की ते वाकायचे, डोळे मिटायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि एका जागी बोट ठेवायचे. "इथली भर." पुढे निकाल यायचा तेव्हा घाण नेमकी तिथेच सापडलेली असायची. मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली. माझ्याकडे तक्ता आणि पेन. किती फूट, रंग कोणता, ओल किती, वास आहे की नाही. शेवटचा रकाना मी बाबांना विचारून भरायचे. मला त्यांनी कधी माती हुंगू दिली नाही. जरा वाकले की खांद्याला धरून मागे ओढायचे. "लांब हो, मास्तरीणबाई. फुप्फुसं खराब करून घ्यायला घरात एक माणूस पुरे."

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाबा, मला चिडायला लावू नका."

त्यांनी शेवटची काडी ओट्यावर ठेवली. "तो ताप आला होता ना, गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. तेव्हापासून."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, येतो कधीकधी परत. मग वाट बघत राहिलो. आज येईल, उद्या येईल."

"अहो, पण तोवर माती कोण हुंगत होतं?"

"माती बघूनही कळतं गं थोडंफार. काळी पडते, तेलकट चमकते. तीस वर्षांचा अंदाज असतो माणसाला."

"अंदाज!" माझा आवाज एवढा चढला की आतल्या खोलीतून नवरा डोकावला. मी त्याला हातानेच आत जा म्हटलं. "तुम्ही अंदाजाने बोट ठेवत होतात आणि मी खाली लिहीत होते? वास नाही, वास नाही, वास नाही? मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस का?" बाबा म्हणाले. "आणि नाकवाल्याचं नाकच गेलं म्हटल्यावर मला कोण विचारणार होतं? घरी बसून काय केलं असतं मी?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी बोटांवर जागा मोजत होते. तापानंतरच्या. चामड्याचं गोदाम, पेट्रोल पंपाची जागा आणि पुढच्या. चौदा झाल्या. त्यातली तिसरी मोजताना माझं बोट थांबलं आणि पुढच्या अकरा मी कशा मोजल्या ते मलाच माहीत.

तिसरी जागा म्हणजे बालवाडी. आमची लेक भिंगरी जाते ती. आधी तिथे यंत्रांचे सुटे भाग धुवायचे, तेलकट लोखंड कसल्याशा द्रावणात बुडवून लख्ख करायचे. कारखाना गेला, बैठी इमारत राहिली, तिला रंग दिला, भिंतीवर पोरांच्या हातांचे ठसे उमटवले. आम्ही सहा बोअर घेतले होते, सहाही बरण्या स्वच्छ आल्या होत्या. सात महिन्यांपूर्वी भिंगरीला तिथे घालायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला होता, कारखान्याची जागा आहे, जरा चौकशी करूया. मी नाकाने कांदे सोलत म्हणाले होते, "चौकशी कसली? ती माती आम्हीच काढलीय."

आणि सात महिन्यांपासून भिंगरीचं डोकं दुखत होतं. साडेचार वर्षांची पोर, शाळेतून आली की कपाळ धरून बसायची. आम्ही डोळे तपासले, तिला चष्मा लागला. छोटा, लाल काड्यांचा. तरी दुखायचंच. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी त्याचा अर्थ शाळेचा कंटाळा असा लावला होता. नाटकं करते म्हणून एकदा मी तिला धपाटाही घातला होता.

कपाटातून जुन्या तक्त्यांची प्रत काढली. चौथा बोअर इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून होता. त्या भिंतीच्या आत पोरं दुपारी झोपतात. बारा ओळी, माझं वळणदार अक्षर, आणि शेवटच्या रकान्यात बारा वेळा 'वास : नाही'. तो दिवस मला आठवला. यंत्र दुरुस्तीला होतं. बाबांनी त्या गाभ्यावरून दोनदा नाक फिरवलं, डोळे मिटून बराच वेळ थांबले आणि नऊ फुटांवर बोट ठेवलं. केवढं मन लावून करतात, असं मला वाटलं होतं.

साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आज रविवार आहे."

"उद्या सोमवार आहे, साहेब. उद्या बेचाळीस पोरं तिथे फरशीवर झोपणार."

"कागदावर जागा स्वच्छ आहे ना? मग उगाच उकरून काढू नका. यंत्र आलं की बघू. आणि हे नाकाचं कुणाजवळ बोलू नका. चौदा ठिकाणच्या लोकांना मी काय तोंड दाखवू?"

मी फोन कापला. गाडीत गिरमिट टाकलं, हाताने फिरवून माती काढायचं, पाच फुटी दांड्याचं. बरण्या, हातमोजे, तोंडाला लावायच्या पट्ट्या, बर्फाची पेटी. नवऱ्याला सांगितलं, भिंगरीला वेळेवर जेवू घाल आणि झोपव, मी येते. रविवारी दुपारी ती एरवी आजोबांच्या कुशीत झोपते. बालवाडीतलं पांघरूण शनिवारी धुवायला घरी येतं आणि दोघं ते डोक्यावरून ओढून घेऊन आत तंबू करतात, म्हणून मी ते रविवारी संध्याकाळीच धुते.

"मी पण येतो," बाबा म्हणाले. बूट घालून तयारच होते.

"तुम्ही कशाला? शोभेला?"

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द मागे घेतला नाही. ते गाडीत जाऊन बसले.

बालवाडीचं फाटक तिथल्या मावशींनी उघडलं. त्या मागच्याच खोलीत राहतात, पोरांचं सगळं बघतात. "रविवारी काय काम काढलंत, भिंगरीची आई?" म्हणाल्या. मी म्हटलं, "थोडी माती काढायचीय, मावशी." त्यांना वाटलं, कुंड्यांसाठी.

चौथ्या बोअरचं तोंड आम्ही सिमेंटने बुजवलं होतं. ताटलीएवढा तो गोल अजून दिसत होता, आजूबाजूला पोरांनी फुलझाडं लावलेली. त्याच्यापासून हातभर अंतरावर मी गिरमिट टेकवलं. बाबा फिरवायला लागले. फूटभर भुसभुशीत माती निघाली आणि मग खळ्ळ आवाज झाला. विटा. गिरमिट पुढे जाईना. दुसऱ्या जागी लावलं, दोन फुटांवर दगड. तिसऱ्या जागी सळईचा तुकडा आडवा. ऊन चढलं होतं. माझ्या तळहातांना फोड आले, एक फुटला. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ते तोंडाने श्वास घेत होते. मी म्हटलं, बसा जरा. ते बसले नाहीत. अंगात आल्यासारखे फिरवत राहिले.

"नऊ फुटांवर बोट का ठेवलंत?" मी विचारलं.

"ते द्रावण जड असतं. पाण्यासारखं थांबत नाही, खाली खाली जातं. चिकणमाती लागली की तिच्यावर साचतं. इथे नऊ फुटांवर चिकणमाती होती."

"मग ते बरोबरच होतं की."

"वर कुठे तिचा पातळ थर असेल तर नाही. तो डोळ्यांतून निसटतो." त्यांनी दांड्याला हिसका दिला. "तो नाकाला कळतो."

चौथ्या जागी गिरमिट सरळ उतरलं. एक फूट, दोन फूट, तीन. प्रत्येक वेळी वर ओढायचं, माती कागदावर ठोकायची, पुन्हा आत घालायचं. साडेतीन फुटांवर मातीचा रंग बदलला. करडी, साबणासारखी गुळगुळीत, जेमतेम चार बोटांचा थर. बाबांनी गिरमिट माझ्यासमोर आडवं धरलं. मी गुडघ्यांवर बसले आणि तोंडावरची पट्टी खाली ओढली. बाबांनी सवयीने माझा खांदा धरला, मला मागे ओढायला. मग सोडून दिला.

"नाक लावू नकोस," ते म्हणाले. "हाताने हवा आपल्याकडे ओढ. थोडीच. येतंय काही?"

"हो."

"कसं? आंबट? जळकं? रॉकेलसारखं?"

"नाही. गोड."

बाबा माझ्याजवळ उकिडवे बसले. "गोड म्हणजे? पिकलेल्या फळासारखं? आणि घशात मागे गार लागतं?"

"हो, गार लागतं."

"नीट सांग, बाळा. मला घेता येत नाही, तुलाच सांगायचंय. असा वास आधी कुठे आलाय का तुला? कशासारखा आहे?"

"येतो की," मी म्हणाले. "दर शनिवारी येतो. भिंगरीच्या पांघरुणाला."

बोलून झालं आणि मग मला कळलं मी काय बोलले ते. मी तो वास बालवाडीत फरशी पुसायच्या औषधाचा समजत होते. चांगलं औषध वापरतात, असं एकदा शेजारणीलाही सांगितलं होतं. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, झोपायच्या खोलीत असतोच तो वास. सकाळी दार उघडलं की येतो. पोरांच्या अंगाला लागतो, छान वाटतो."

बाबा खाली बसले. मग पालथे झाले, दोन्ही हात टेकले आणि तोंड त्या खड्ड्याला लावलं. जोरजोरात श्वास घ्यायला लागले. मी त्यांना ओढत होते, ते हलत नव्हते. "काहीच नाही गं," ते मातीत तोंड घालून म्हणत होते. "काहीच येत नाही. दर रविवारी त्या पांघरुणात तोंड घालून झोपलो मी. माझ्या नाकाला लागून होतं. तिच्या केसांत होतं." माझा बाप रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता.

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. नवरा कुजबुजत बोलला, "हळू. आत्ता कुठे झोपलीय."

"कशी झोपलीय?"

"कशी म्हणजे? पांघरूण डोक्यावरून घेऊन. आजोबा नाहीत म्हणून एकटीनेच तंबू केलाय."

"ओढ ते. आत्ताच्या आत्ता. तिला उचल, खिडक्या उघड, ते बाहेर नेऊन टाक."

"अगं, काय झालं?"

"विचारू नकोस, ओढ!"

फोन तसाच चालू राहिला. पावलं ऐकू आली, खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि मग झोपमोड झालेल्या भिंगरीचं रडणं. "माझं पांघरूण! बाबा, माझं पांघरूण द्या!" मी ते ऐकत उभी राहिले. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला मला तिथे पोचता येत नव्हतं, आणि माती बरणीत भरल्याशिवाय हलताही येत नव्हतं.

नवीन हातमोजे घातले. बरणी काठोकाठ भरावी लागते, आत हवा राहिली तर वाफ निसटते. फोड फुटलेल्या हाताने बरणी धरवेना, माती बाहेरच सांडत होती. बाबांनी डोळे पुसले, त्यांनीही नवे हातमोजे चढवले आणि बरणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. झाकण लावलं, चिठ्ठी लिहिली, बर्फात ठेवली.

मावशींनी मोठ्या बाईंना बोलावून घेतलं. बालवाडी त्यांचीच. त्या रिक्षाने आल्या, खड्ड्याकडे बघितलं, आमचं सगळं ऐकलं. घाबरल्या होत्या, पण बाई खमक्या. "प्रयोगशाळेचा निकाल कधी येईल?"

"पाच दिवसांनी," मी म्हणाले.

"मग पाच दिवस मी कशाच्या आधारावर बंद ठेवू? पोरांच्या आयांना काय सांगू? कुणाला तरी वास आला म्हणून? माझ्याकडे तुमच्या ऑफिसचा कागद आहे, जागा स्वच्छ असल्याचा. खाली सही आहे. उद्या तुमचे साहेब म्हणतील, कागदात चूक नाही. मग मी तोंडघशी पडणार."

"बाई, माझीही मुलगी आहे हो तुमच्याकडे," मी म्हणाले. मी हात जोडले. "पाया पडते तुमच्या. उद्याचा एक दिवस."

"एका दिवसाने काय होणार?" त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

बाबा इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते, पोरांच्या हातांच्या ठशांखाली. ते उठले. "तो कागद चुकीचा आहे," ते म्हणाले. "सही माझी आहे. मी लिहून देतो." मग माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, पेन काढ."

मी तक्त्याचा कोरा कागद काढला, गाडीच्या टपावर ठेवला. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. माती निवडताना मला वास येत नव्हता. हे मी ऑफिसपासून आणि माझ्या मुलीपासून लपवलं. तक्त्यात 'वास : नाही' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे ते तपासलेलं नाही. मुलीने फक्त मी सांगितलं ते लिहिलं. शेवटचं वाक्य मला लिहायचं नव्हतं. त्यांनी माझ्या हाताकडे बघत ते दोनदा सांगितलं, तेव्हा लिहिलं.

मोठ्या बाईंनी वाचलं. फोन काढला आणि पहिल्या आईचा नंबर लावला. "उद्या बालवाडी बंद राहील," म्हणाल्या. "नाही, परवाही नाही."

बाबांनी सही केली. वाकडीतिकडी आली, हाताला माती होती. मी त्याखाली आजची तारीख घालायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नुसती आजची नको," ते म्हणाले. "ताप आला त्या दिवसापासून आजपर्यंत, असं घाल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या तारखेच्या आत चौदाच्या चौदा जागा येत होत्या. साहेब येत होते, आमच्या दोघांची नोकरी येत होती आणि नाकवाले काकाही येत होते.

"घाल," बाबा म्हणाले. "आणि खाली सगळ्या जागा लिही. तुझ्या नेहमीच्या अक्षरात, नीट वाचता येईल असं."

मी तारीख घातली, खाली १ हा आकडा टाकला, आणि त्यापुढे चामड्याचं गोदाम असं लिहिलं.